मदत हवी आहे : एफ-१६ चं १/८ स्केल मॉडेल, आफ्टरबर्नर पेटवला की सगळे सर्वो थरथरतात

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आता गाडी अडलीय म्हणून धागा काढतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

एफ-१६ चं मोठं मॉडेल बनवतोय, १/८ स्केल. खरं विमान १५.०६ मीटर लांब आहे म्हणजे माझं साधारण १ मीटर ८८ सेंमी येतं, आणि पंखांच्या टोकांना मिसाइल धरली तर रुंदी सव्वा मीटरच्या जराशी आत. उडवायचं नाहीये हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिले चार प्रतिसाद "मोटर कुठली टाकणार" असे येतील. हे स्टँडवरच राहणार, पण जॉयस्टिक हलवली की शेपटी, पंखांच्या कडा, रडर (उभ्या शेपटीचा हलणारा भाग) हे सगळं खऱ्यासारखं हललं पाहिजे, लाइट लागले पाहिजेत, एअरब्रेक उघडले पाहिजेत आणि मागे आफ्टरबर्नर (इंजिनातून मागे येणारी आग) पेटलेला दिसला पाहिजे.

सांगाडा ४ मिमी प्लायच्या फॉर्मर्सचा (आडव्या चौकटींचा) आहे, त्यावर बाल्साच्या पट्ट्या, मधल्या जागा एक्सपीएस फोमने भरून वर ग्लास क्लॉथ आणि इपॉक्सी. हे सगळं ठीक झालंय, त्याबद्दल तक्रार नाही. पंख सुटे होतात कारण नाहीतर ते दारातून बाहेरच जाणार नाही.

घोळ इलेक्ट्रॉनिक्सचा आहे. आर्डुइनो मेगा (छोटा कंट्रोलर बोर्ड) आहे, त्याला थेट नऊ सर्वो (सांगितलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरी) जोडलेत : फ्लॅपेरॉनचे (पंखांच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) दोन, पंखाच्या पुढच्या कडेच्या फ्लॅपचे दोन, मागच्या आडव्या शेपटीचे दोन, रडरचा एक आणि एअरब्रेकचे दोन. शेपटीला एमजी९९६आर, बाकी सगळीकडे ९ ग्रॅमवाले छोटे. आफ्टरबर्नरला २४ एलईडीची डब्ल्यूएस२८१२बी रिंग (डेटा पाठवून प्रत्येक एलईडीचा रंग ठरवता येतो अशी). सगळ्याला मिळून ५ व्होल्ट ५ अँपिअरचा एकच सप्लाय. आता नुसते सर्वो चालवले की मस्त चालतात, नुसती रिंग चालवली की ती पण मस्त, पण दोन्ही एकत्र चालू केलं की सगळे फ्लॅप्स थंडी वाजल्यासारखे थरथरायला लागतात, आणि आफ्टरबर्नर जितका भगभगता दाखवावा तितकं जास्त.

तर प्रश्न असे की हे पॉवर कमी पडल्यामुळे होतंय की कोडमुळे, आणि दुसरं म्हणजे सर्वोची हालचाल खेळण्यातल्यासारखी झटकन होते ती विमानासारखी कशी करायची. तिसरा प्रश्न लाइटचा. कुठला दिवा कुठे आणि कसा लागतो याबद्दल फोटो बघून अजूनच गोंधळ झालाय.

जाणकारांच्या प्रतीक्षेत.

प्रतिसाद

पॉवर. डोळे झाकून पॉवर. एमजी९९६आर अडकला की एकटा अडीच अँपिअर ओढतो, तुमचे दोन आहेत. रिंग पूर्ण पांढरी केली तर २४ गुणिले ६० मिलिअँपिअर म्हणजे जवळजवळ दीड अँपिअर. ५ मधून काय उरलं? मोठा सप्लाय घ्या, विषय संपला.

प्रतिसाद

विषय एवढ्यात संपत नाही हो. वरचं गणित बरोबर आहे पण दोन वेगळे रोग सारखंच लक्षण दाखवतायत अशी मला शंका आहे.

सर्वोला दर २० मिलिसेकंदाला एक पल्स जातो आणि त्या पल्सची लांबी म्हणजेच सर्वोचा कोन. नेहमीच्या सर्वो लायब्ररीत ५४४ ते २४०० मायक्रोसेकंद म्हणजे ० ते १८० अंश, म्हणजे साधारण १० मायक्रोसेकंद इकडेतिकडे झाले की १ अंश सरकला. हा पल्स कधी बंद करायचा ते टायमरचा इंटरप्ट (चालू काम थांबवून तातडीचं काम करायला लावणारा इशारा) ठरवतो. आता तुमची रिंग बघा. डब्ल्यूएस२८१२बी ला डेटा पाठवताना वेळ इतका काटेकोर लागतो की लायब्ररी तेवढा वेळ सगळे इंटरप्ट बंदच करून टाकते. एका एलईडीला ३० मायक्रोसेकंद, २४ ला ७२०. नेमका त्याच वेळात एखादा पल्स संपायचा असला तर तो संपवायला कोणी जागंच नाही, पल्स लांबतो, आणि सर्वोला वाटतं की मला पुढे जायला सांगितलंय. पुढच्या २० मिलिसेकंदात परत जागेवर. हीच तुमची थरथर. भगभग जास्त म्हणजे रिंगला डेटा जास्त वेळा, म्हणून थरथर पण जास्त.

खात्री करायची सोपी युक्ती : कोड आहे तसाच चालू ठेवा आणि फक्त रिंगच्या सगळ्या वायरी काढून टाका. कोड बिचारा हवेत डेटा पाठवत राहील. तरीही फ्लॅप थरथरले तर दोष इंटरप्टचा, एकदम शांत झाले तर पॉवरचा.

धागाकर्ता

ही टेस्ट भारी आहे, लगेच केली. रिंग काढल्यावर थरथर कमी झाली पण थांबली नाही. म्हणजे दोन्ही???

प्रतिसाद

दोन्ही. अभिनंदन :)

कोडच्या बाजूचा इलाज म्हणजे सर्वोचं काम मेगाकडून काढूनच घ्या. पीसीए९६८५ नावाचा १६ चॅनलचा ड्रायव्हर बोर्ड मिळतो, आय२सी वर दोन वायरींनी जोडायचा. कोन एकदा सांगितला की पल्स तो स्वतः पाडत बसतो, मेगा झोपला काय आणि रिंगशी बोलत बसला काय, त्याला फरक पडत नाही. नऊ सर्वो लावून सात चॅनल उरतील. तिथे दिवे लावायचा मोह होईल पण जपून, कारण सगळ्या चॅनलची फ्रिक्वेन्सी एकच असते आणि सर्वोसाठी ती ५० हर्ट्झ ठेवावी लागते, त्यामुळे मंद केलेला दिवा व्हिडिओत लुकलुकताना दिसेल. दिवे मेगाच्याच पिनांवर ठेवा.

पॉवरच्या बाजूला : सर्वोंना वेगळा सप्लाय, रिंग आणि मेगाला वेगळा. पीसीए९६८५ वर सर्वोची पॉवर स्क्रू टर्मिनलमधून जाते आणि चिपची वेगळी पिन असते, या दोन्ही एकत्र करू नका. मात्र ग्राउंड सगळ्यांचं एकच हवं, ते विसरलात तर आत्ता जे चाललंय ते बरं होतं असं वाटेल. रिंगच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आणि डेटा वायरीत ३०० ते ५०० ओहमचा रेझिस्टर, हे बहुतेकजण आळसाने टाकत नाहीत आणि मग पहिलाच एलईडी उडाला की धागे काढतात.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला बोलू द्या, तो मला जास्त आवडलाय.

९ ग्रॅमवाल्या सर्वोचा वेग ०.१ सेकंदात ६० अंश लिहिलेला असतो, म्हणजे सेकंदाला ६०० अंश. एफ-१६ च्या कंट्रोलचं जे मॉडेल अभ्यासासाठी सगळीकडे वापरतात त्यात आडव्या शेपटीचा कमाल वेग सेकंदाला ६० अंश धरलाय, फ्लॅपेरॉनचा ८० आणि रडरचा १२०. तुमच्या शेपटीचा एमजी९९६आर ९ ग्रॅमवाल्यापेक्षा हळू असला तरी तो पण खऱ्यापेक्षा पाच-सहापट जोरात पळतोय, खेळण्यातली वाटणारच. कोडमध्ये दर २० मिलिसेकंदाला शेपटीला १.२ अंशापेक्षा जास्त सरकूच द्यायचं नाही, फ्लॅपेरॉनला १.६, रडरला २.४. एवढ्यानेच चित्र बदलतं. फार गोड करायला जाऊन सुरुवातीला हळू शेवटी हळू असलं काही टाकू नका, हायड्रॉलिकची हालचाल सरळ आणि ठाम असते.

कोनाच्या मर्यादा पण त्याच मॉडेलच्या घ्या : शेपटी वर-खाली २५, फ्लॅपेरॉन २१.५, रडर ३०, पुढच्या कडेचा फ्लॅप खाली २५. सर्वोला ४५ अंश जाता येतं म्हणून शेपटी ४५ अंश फिरवलेली मॉडेलं बघितली की मला कसंतरी होतं.

आणि आता यातली गंमत. शेपटी २५ च अंश फिरणार असेल तर सर्वो पण २५ अंश फिरवायची गरज नाही. सर्वोचा हॉर्न (दांडा जोडायची छोटी भुजा) आखूड आणि शेपटीचा हॉर्न दुप्पट लांब ठेवा, म्हणजे सर्वो ५० फिरेल तेव्हा शेपटी साधारण २५ फिरेल. ताकद दुप्पट, गिअरची ढिलाई निम्मी, आणि पीसीए९६८५ ची पायरी जी साधारण अर्ध्या अंशाची असते ती शेपटीवर पाव अंशाची होते, हळू चालवताना टकटक दिसत नाही. फक्त वरचे १.२ वगैरे आकडे शेपटीचे आहेत, सर्वोला ते दुप्पट करून द्या.

धागाकर्ता

हे सोनं आहे, धन्यवाद. एक उपप्रश्न, जॉयस्टिक डावीकडे केली की फक्त फ्लॅपेरॉन हलवायचे ना?

प्रतिसाद

नाही. एफ-१६ मध्ये रोल करताना (एका अंगावर कलताना) आडव्या शेपटीचे दोन भाग पण उलटसुलट हलतात, फ्लॅपेरॉनपेक्षा कमी. म्हणजे शेपटीच्या एका बाजूला पिच (नाक वर-खाली) अधिक रोलचा थोडा हिस्सा, दुसरीकडे पिच वजा तोच हिस्सा. आणि स्टिक मागे ओढली की शेपटीची मागची कड वर जाते, हे उलटं झालेलं फार ठिकाणी दिसतं.

अजून तीन गोष्टी कोडमध्ये घाला, बघणाऱ्यातल्या शंभरातल्या एकाला कळतील पण त्या एकासाठीच तर आपण हे करतो. चाकं खाली असतात तेव्हा फ्लॅपेरॉन फ्लॅपसारखे खाली येतात, २० अंश. विमान चाकांवर उभं असतं तेव्हा पुढच्या कडेचे फ्लॅप खाली नसतात, उलट २ अंश वर असतात. आणि एअरब्रेक पूर्ण ६० अंश उघडतात पण चाकं खाली असताना ४३ वर थांबतात, नाहीतर उतरताना ते रनवेला घासतील.

तुमच्या चाकांचं काय ते लिहिलंच नाही? खऱ्यात पुढचं चाक मागे जाताना ९० अंश वळून आडवं झोपतं, ते करणार असाल तर आमचा साष्टांग नमस्कार.

धागाकर्ता

नाही हो, चाकं कायम खालीच. तेवढी हिंमत नाही. त्यामुळे ४३ वर लॉक करून टाकतो.

प्रतिसाद

जॉयस्टिक खऱ्यासारखी कॉकपिटच्या उजव्या बाजूला बसवा आणि ती हलूच देऊ नका =)) मी चेष्टा करत नाहीये, एफ-१६ ची स्टिक सुरुवातीला हलतच नव्हती, नुसता दाब ओळखायची, मग पायलट लोकांना ते जमेना म्हणून थोडीशी हलेल अशी केली. आणि वायएफ-१६ चं (एफ-१६ च्या पहिल्या नमुन्याचं) पहिलं उड्डाण तर ठरवून झालंच नाही, २० जानेवारी १९७४ ला नुसती जमिनीवर जोरात पळवायची टेस्ट होती, रोलचा कंट्रोल इतका संवेदनशील की विमान डावी-उजवीकडे झोके खायला लागलं आणि पायलटने जमिनीवर वाट लागण्यापेक्षा उडवून टाकलं. ठरलेलं उड्डाण नंतर २ फेब्रुवारीला. त्यामुळे जॉयस्टिकच्या मधल्या भागात थोडा डेडबँड (जिथे हलवलं तरी काही होत नाही असा भाग) ठेवाच, आणि पोटेन्शिओमीटरवाल्यापेक्षा हॉल सेन्सरवाली (चुंबकावर चालणारी) घ्या, झिजत नाही.

प्रतिसाद

दिव्यांचं कोणीच लिहिलं नाही म्हणून.

डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्या हिरवा, मागे शेपटीला पांढरा. डावं-उजवं पायलटच्या बाजूने, समोरून बघणाऱ्याच्या नाही. इनटेकच्या दोन्ही बाजूंना पण लाल-हिरवे असतात, ते विसरू नका. लाल आणि हिरवा प्रत्येकी ११० अंशांत दिसायला हवेत आणि मागचा १४० अंशांत, बेरीज ३६०. मॉडेलवर नुसता एलईडी खोचला तर तो सगळीकडून दिसतो, मागच्या बाजूने काळा रंग मारून अडवा.

उभ्या शेपटीच्या टोकाला पांढरा स्ट्रोब. प्रवासी विमानांच्या नियमात अशा दिव्याला मिनिटाला ४० ते १०० झपके सांगितलेत, त्याच्या मधे कुठेतरी ठेवा. महत्त्वाचं म्हणजे झपका अगदी छोटा, ५० मिलिसेकंद पुरे. अर्धा सेकंद चालू अर्धा सेकंद बंद केलंत तर ते गाडीचं इंडिकेटर होतं. आणि त्यासाठी कोडमध्ये डिले (थांबून राहणं) वापरू नका, मिलिस (घड्याळ बघत पुढे जाणं) वापरा, नाहीतर प्रत्येक झपक्याला सगळं विमान थांबेल.

लँडिंग लाइट तुम्ही कुठलं व्हर्जन करताय त्यावर आहे. जुन्यांमध्ये ते मागच्या चाकांच्या पायांवर असतात, ब्लॉक ४० (एफ-१६ ची नंतरची आवृत्ती) पासून पुढच्या चाकाच्या दारावर आले. तुमचा फोटोंचा गोंधळ बहुतेक इथलाच.

रेझिस्टर : ५ व्होल्टला लाल एलईडी साधारण २ व्होल्ट खातो, २० मिलिअँपिअरला १५० ओहम. हिरवा आणि पांढरा ३ च्या वर खातात, त्यांना १०० ओहम चालेल. लालला पण १०० लावलंत तर तो उगाच भडक दिसतो आणि डावा पंखच नजरेत भरतो.

धागाकर्ता

हो हो, गोंधळ तोच होता, मी दोन वेगळ्या ब्लॉकचे फोटो एकत्र बघत होतो!

अपडेट : पीसीए९६८५ बसवला, सर्वोंना वेगळा ५ व्होल्ट १० अँपिअरचा सप्लाय दिला. थरथर पूर्ण बंद. वेगाची मर्यादा टाकल्यावर शेपटी अशी काही फिरते की मी अर्धा तास नुसती स्टिकच हलवत बसलो होतो. आता एकच उरलंय, सुरू करताना सगळे सर्वो एकदा जोरात झटका देतात आणि मला शेपटीच्या शाफ्टची भीती वाटते. आणि पंख सुटे करताना वायरींचं काय करता तुम्ही लोक?

प्रतिसाद

पीसीए९६८५ वर ओई नावाची पिन आहे, ती हाय ठेवली की सगळी आउटपुट बंद. मेगाच्या एका पिनला जोडा, शिवाय १ किलोओहमने ५ व्होल्टला ओढून ठेवा म्हणजे मेगा जागा होईपर्यंत पण ती हायच राहील. मग आधी सगळे कोन मध्यावर लिहा आणि नंतर ओई लो करा. झटका बराच जातो, पूर्ण नाही, कारण बंद करताना शेपटी जिथे राहिली तिथून ती मध्यावर येणारच. म्हणून बंद करायच्या आधी सगळं मध्यावर आणणारं एक बटण ठेवा.

पंखाला प्रत्येकी दोन सर्वो आणि नेव्हिगेशन लाइट, म्हणजे दोन सिग्नल, सर्वोची पॉवर, ग्राउंड आणि दिव्याची एक, पाच वायरी. मिसाइलच्या टोकाला अजून काही लावायचा विचार असेल तर सहावी आत्ताच ओढून ठेवा, ग्लास क्लॉथ मारल्यावर ओढता येत नाही. आरसी वाले (रिमोटची विमानं उडवणारे) एमपीएक्सचा सहा पिनांचा हिरवा कनेक्टर वापरतात, त्याची एक बाजू पंखाच्या मुळाच्या रिबमध्ये पक्की बसवा आणि दुसरी बॉडीत किंचित ढिली ठेवा, म्हणजे पंखाचा पाइप आत सरकला की कनेक्टर स्वतःच जुळतो. दोन्ही पक्क्या बसवल्या तर एक मिलिमीटरच्या फरकाने पंख आत जाणार नाही. लाल-काळी कुठली पिन ते दोन्ही पंखांना सारखंच ठेवा आणि सोल्डर करायच्या आधी फॉर्मरवर पेनने लिहून ठेवा.