शब्दचर्चा: भाडेतत्त्व, भारमान आणि इतर तत्त्वं

फलाट क्रमांक सात (मूळ प्रश्न)

मागच्या आठवड्यात एका शहरी बसमध्ये होतो. शहराचं नाव नको, बससेवेचं तर नकोच. चढावर गाडी बंद पडली. चालकाने उतरून पाहिल्यासारखं केलं, कुणाला तरी फोन लावला आणि कडेच्या दगडावर जाऊन बसला. वाहक आत तिकिटांच्या मशीनला थापट्या मारत होता. माझ्या शेजारच्या आजींनी खिडकीतून विचारलं, "गाडी कुणाची रे बाबा ही?"

चालक म्हणाला, "ठेकेदाराची."

वाहक आतून म्हणाला, "तिकिटं आमची."

"आणि आम्ही?"

चालक जरा विचारात पडला. मग म्हणाला, "तुम्ही भाडं."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पूर्वी रिक्षा चालवली असणार. रिक्षावाल्याच्या तोंडी प्रवासी म्हणजे भाडंच. पण उतरून चालत निघालो तेव्हा मागच्या काचेवर लिहिलेलं दिसलं, "भाडेतत्त्वावरील बस". तेव्हापासून तीन प्रश्न डोक्यात आहेत. या शब्दात "तत्त्व" काय करतंय? सगळे ज्याला खाजगीकरण म्हणतात, तो शब्द सरकारी कागदावर कुणी पाहिलाय का? आणि लिहायचं कसं, खाजगी की खासगी?

अर्धे तिकीट

तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे. दोन्ही चालतं. मूळ अरबी "खास", त्याला फारसी "गी". पुढे ग आला की आधीचा स जरा गुरगुरायला लागतो आणि त्याचा "जहाजा"तला ज होतो. वर्तमानपत्रवाले बहुतेक खासगी लिहितात, बोलताना सगळे खाजगीच म्हणतात. मी खाजगी लिहिते. कारण एकच, "खाजगीत सांगतो" या वाक्प्रचारात स घातला की सांगण्यातली मजा जाते.

तत्त्वाचं म्हणाल तर मूळ संस्कृत अर्थ "ते-पणा", म्हणजे वस्तूचं खरं स्वरूप. सांख्यांनी पंचवीस तत्त्वं मोजली. सरकारने त्यात भर घातली आहे: भाडेतत्त्व, कंत्राटी तत्त्व, अनुकंपा तत्त्व, प्रायोगिक तत्त्व. या सगळ्यांत तत्त्व म्हणजे नुसता "बेसिस". इंग्रजी मसुद्याचा अनुवाद करताना कुणाला तरी शब्द हवा होता, समोर तत्त्व उभं होतं, घेतलं. "भाड्याची बस" म्हटलं तर लग्नाच्या वऱ्हाडाची वाटते. "भाडेतत्त्वावरील बस" म्हटलं की तिच्यामागे काही विचार असावा असं वाटतं.

एकच शब्द, जोडूनच लिहायचा. आणि त ला त, त्याला व. एक त गाळला तरी वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. तत्त्वाचं तसंच असतं म्हणा.

जुना जावक

तीस वर्षं कारकुनी केली आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर अधिकारवाणीने बोलतो. "खाजगीकरण" हा शब्द कागदावर सापडणार नाही आणि त्यात लबाडी नाही. खाजगीकरण म्हणजे मालकी विकणं. इथे मार्ग, तिकीट आणि तिकिटाचे पैसे उपक्रमाचे, म्हणजे बससेवा चालवणाऱ्या सरकारी संस्थेचे. गाडी, चालक, देखभाल आणि इंधन किंवा वीज बहुधा ठेकेदाराची. त्याला पैसे किलोमीटरमागे मिळतात; गाडीत पन्नास माणसं असोत की पाच, त्याचा दर तोच. बहुतेक करारांत किमान किलोमीटरची हमीही असते. तेव्हा काय विकलं? काही नाही. टिपणीत खाजगीकरण लिहिलं असतं तर साहेबांनी लाल शाईने खोडून "चुकीचा शब्दप्रयोग" असा शेरा मारला असता, आणि साहेबांचं बरोबर असतं.

विनाथांबा

जावककाका, पटलं. म्हणजे नफ्याची हमी खाजगी आणि तोट्याची जबाबदारी सार्वजनिक, आणि याला खाजगीकरण म्हणायचं नाही कारण तोटा अजून आपल्याकडेच आहे.

या प्रकाराला "वेट लीज" म्हणतात, आणि तो शब्द विमानधंद्यातला आहे. विमान वैमानिकासकट, देखभालीसकट, विम्यासकट भाड्याने घेतलं तर वेट, नुसतं विमान घेतलं तर ड्राय. मराठी करताना "ओला भाडेकरार" असं कुणी का केलं नाही? कारण मराठीत ओला म्हटलं की पुढे दुष्काळ येतो. कोरड्या दुष्काळात पाऊस नसतो, ओल्यात पाऊस भरपूर असतो आणि पीक नसतं. व्याख्या तंतोतंत बसते.

जाता जाता: "ठेका" दोन प्रकारचा असतो. तबल्याच्या ठेक्यात सम वेळेवर येते.

बखरीतला

खाजगी/खासगीवर वर फार घाईने निकाल दिला. या शब्दाची खरी गंमत होळकरांच्या दप्तरात आहे. तिथे दोन तिजोऱ्या होत्या. "दौलत" म्हणजे राज्याचा पैसा. "खासगी" म्हणजे राणीच्या नावची जहागीर आणि तिचं स्वतंत्र उत्पन्न. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंकडे ती होती, पुढे अहिल्याबाईंकडे आली. अहिल्याबाईंनी देशभर घाट बांधले, विहिरी खणल्या, धर्मशाळा उभ्या केल्या, तो खर्च खासगीतून. दौलतीला हात न लावता.

म्हणजे अठराव्या शतकात खाजगीकरण या शब्दाचा सरळ अर्थ निघाला असता तो असा: वाटसरूची सोय खासगीच्या पैशाने करणे. आता दिशा बदलली आहे. वाटसरूची सोय असं वर लिहायचं, पैसा दौलतीतून द्यायचा आणि तो खासगीत जमा करायचा. शब्द तोच, फक्त जमाखर्चाच्या वहीचं पान उलटं धरलंय.

आणखी एक योगायोग. पहिली एसटी १ जून १९४८ ला धावली ती पुण्याहून अहमदनगरला. त्या शहराचं नाव आता अहिल्यानगर. अहिल्याबाईंचा जन्म त्याच जिल्ह्यातल्या चौंडीचा, १७२५ चा, तारीख ३१ मे. एक दिवसाने हुकलं. एसटीच्या परंपरेत एक दिवस उशीर म्हणजे वेळेआधीच.

मुक्कामी गाडी

तुम्ही सगळे शहरातले. आमच्याकडे चर्चा करण्यासारखा शब्द एकच, "भारमान". आगारात रोज कानावर येतो, पण प्रवाशाला कुणी समजावून सांगत नाही.

गाडीच्या आसनक्षमतेच्या किती टक्के प्रवासी बसले, ते भारमान. शब्द चांगलाच आहे, मान म्हणजे माप. पण आमच्या गावात त्याचा अर्थ "गाडी बंद" असा आहे. कारण तो शब्द गावात येतो तो फक्त अर्जाच्या उत्तरात. सरपंचांनी सकाळच्या फेरीसाठी अर्ज दिला होता, त्याला आलेल्या पत्राचं एकच वाक्य सगळ्यांना पाठ आहे: "सदर फेरीचे भारमान अत्यल्प असल्याने सबब ती चालविणे व्यवहार्य नाही." यातल्या "सबब"कडे बघा. कागदात सबब म्हणजे "म्हणून". गावात सबब म्हणजे बहाणा. आम्ही ते पत्र आमच्या अर्थाने वाचलं आणि ते जास्त नीट समजलं.

आता भारमान घसरतं कसं ते सांगतो. पूर्वी रात्री नऊला गाडी यायची आणि मुक्काम करायची. चालक-वाहक शाळेच्या ओसरीवर झोपायचे, कुणी पिठलं-भाकरी द्यायचं, पहाटे साडेपाचला तीच गाडी दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं आणि तालुक्याला तारखेला जाणारी माणसं घेऊन निघायची. याला मुक्कामी गाडी म्हणतात, कुठे कुठे वस्तीची गाडी. मग मुक्काम रद्द झाला. पहिली गाडी साडेआठला यायला लागली. कॉलेज साडेसातचं. पोरं वडापला लागली. साडेआठच्या गाडीत मग दोन म्हातारी माणसं आणि एक कोंबडी. भारमान मोजलं, अत्यल्प निघालं, साडेआठचीही बंद. म्हणजे आधी दोरी कापायची आणि मग बादली विहिरीतून वर येत नाही म्हणून नोंद करायची.

वडाप हा शब्द कोशात नसेल तर घाला. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे जीप किंवा तसलीच गाडी, माणसं कोंबून नेणारी. आमच्याकडे वडणे म्हणजे ओढणे. स्टँडच्या दारातून माणूस वडून नेतात ते वडाप, असं सगळे सांगतात. विदर्भात त्याच कामाला काळीपिवळी. आमच्या गावात पहिलं खाजगीकरण झालं ते हे. त्यासाठी निविदा निघाली नाही, सल्लागार नेमला नाही, एक पोरगं दारात उभं राहून "चला चला, एक सीट, एक सीट" ओरडत होतं. सीट एक नव्हती, पण तत्त्व स्पष्ट होतं.

जुना जावक

मुक्कामी, कायद्याच्या भाषेत त्या पोराचा गुन्हा काय ते सांगतो, म्हणजे आणखी एक शब्द पदरात पडेल: "टप्पा वाहतूक". वाटेत थांबत, माणसं चढवत-उतरवत, प्रत्येकाला वेगळं तिकीट देत जाणं म्हणजे टप्पा वाहतूक. तो परवाना एसटीचा. खाजगी गाडीला कंत्राटी वाहतूक करता येते, म्हणजे सगळी गाडी एकाच कराराने इथून तिथे. एसटीचं भाडं टप्प्यावरच निघतं. एक टप्पा सहा किलोमीटरचा.

फलाट क्रमांक सात

म्हणूनच प्रत्येक योजना "टप्प्याटप्प्याने राबवण्यात येईल" म्हणतात होय! मी इतकी वर्षं त्याचा अर्थ "सावकाश" असा लावत होतो. दर सहा किलोमीटरला उतरून पुन्हा तिकीट काढायचं असं दिसतंय.

अर्धे तिकीट

आयडीवरून सगळे विचारतात म्हणून सांगते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्याचं नाव "महिला सन्मान योजना". पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना त्याआधीच फुकट झालं होतं, त्यांना "अमृत ज्येष्ठ नागरिक" म्हणतात. उरलेली अर्धी रक्कम सरकार महामंडळाला देतं, तिला "प्रतिपूर्ती" म्हणतात. सवलत, सन्मान, अमृत, प्रतिपूर्ती. पूर्वी या सगळ्याला मिळून "हाफ" म्हणायचे आणि कंडक्टर पोराची उंची डोळ्यांनी मोजायचा.

पण मला सगळ्यात आवडतो तो "निमआराम". फारसी "नीम" म्हणजे अर्धा. आख्ख्या देशाच्या वाहतुकीत एवढा प्रामाणिक शब्द दुसरा नाही. आराम मिळेल असं म्हटलंच नव्हतं, अर्धा म्हटलं होतं, तिकिटावर लिहूनही दिलं होतं. लोकांनी मात्र त्या गाडीला "एशियाड" केलं, १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांवरून, आणि खेळ कुणाच्या लक्षात नसले तरी काही म्हातारे अजून "एशियाड गेली का?" असंच विचारतात.

विनाथांबा

विलीनीकरण कुणीच घेतलं नाही? २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला तो या एका शब्दासाठी. महामंडळ शासनात विलीन करा, आम्हाला शासनाचे कर्मचारी म्हणा. त्या साडेपाच महिन्यांत आमच्या आगाराच्या दारातल्या मांडवावर "विलीनीकरण" लिहिलेलं कापड उन्हाने पांढरं झालं. मराठीत माणूस अनंतात विलीन होतो, पंचत्वात विलीन होतो. शासनात विलीन व्हायचं म्हटलं की समिती नेमतात.

गंमत अशी की दोन्ही बाजूंना गाडी सोडून दुसरीकडेच जायचं होतं. वरचे म्हणत होते थोडं बाहेर सरकवू, खालचे म्हणत होते आत घ्या. गाडी आगारात उभीच.

बखरीतला

"आगार" म्हणजे साठवण्याची जागा. शस्त्रागार, धान्यागार, तसं आगार. चालती गाडी तिथे ठेवतात हा नंतरचा अर्थ.

फलाट क्रमांक सात

सगळ्यांचे आभार. परवा पुन्हा त्याच मार्गावर त्याच आजी भेटल्या, गाडीही बहुधा तीच. चढ आला तेव्हा त्यांनी पिशवी मांडीवर घेऊन ठेवली, उतरायच्या तयारीत. या वेळी चढली.

शेवटचा एक प्रश्न, मग धागा वाचकांच्या हवाली. आमच्या घराजवळच्या खांबावर "विनंती थांबा" अशी पाटी आहे. यात विनंती आणि थांबा यांच्यामध्ये स्वल्पविराम हवा का?

मुक्कामी गाडी

हवा. गाडी तेवढीच थांबते.