मदत हवी आहे : जुनी हार्ड डिस्क जोडताच संगणक सुरू होत नाही

नमस्कार. चोपडा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाचा जुना संगणक बंद पडला, म्हणून त्यातील साडेतीन इंची साटा (SATA प्रकारच्या जोडणीची) हार्ड डिस्क आम्ही दुसऱ्या संगणकाला जोडली. आता बटण दाबताच पंखा क्षणभर हलतो आणि सारे थांबते. पडद्यावर काहीच येत नाही. डेटा केबल काढली तरी फरक पडत नाही, मात्र डिस्कची पॉवर केबल काढताच संगणक सुरळीत चालतो, त्यामुळे हा बूट क्रमाचा (संगणक कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हावा याचा) प्रश्न नसावा.

डिस्कच्या सर्किट बोर्डवर ५ आणि १२ व्होल्टसाठी टीव्हीएस डायोड (जादा दाबापासून डिस्कला वाचवणारे छोटे भाग) असतात. विजेचा दाब अचानक वाढल्यास ते शॉर्ट होतात आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) स्वतःला बंद करून घेतो. मल्टीमीटरवर १२ व्होल्टचा डायोड जवळपास शून्य रोध दाखवत आहे, म्हणजे तो शॉर्ट झालेला दिसतो. तो काढून, डिस्क चांगल्या एसएमपीएसवर केवळ डेटा उतरवण्यापुरती चालवणे सुरक्षित आहे का? संपूर्ण बोर्ड बदलण्याचाही सल्ला मिळाला, परंतु अनेक डिस्कांमध्ये त्या विशिष्ट डिस्कची माहिती बोर्डवरील रॉम चिपमध्ये असते, म्हणून तो मार्ग मला धोक्याचा वाटतो.

या डिस्कमध्ये खानदेशातील कानबाई देवीची गाणी आणि जात्यावरच्या अहिराणी ओव्यांचे ध्वनिमुद्रण आहे. त्याची दुसरी प्रत नाही, आणि गाणाऱ्या काही आजी आता हयात नाहीत. जळगाव किंवा धुळ्यात असे बारीक सोल्डरिंग जपून करणारे कोणी माहीत असल्यास कृपया कळवावे.