खग्रास चंद्रग्रहण: मोसंब्याचा प्रयोग कुठं चुकला?

बार्शीकर
रविवारी, ७ सप्टेंबर २०२५ला, गच्चीवर सतरंजी टाकून ग्रहण बघितलं. आईनं वेध पाळलेले, आम्ही वर भडंग खात बसलेलो. दहाला दोन-तीन मिनिटं असताना चंद्राच्या डाव्या खालच्या कडेला काजळी धरल्यासारखं झालं. अकराला सगळाच सावलीत. वाटलं, आता काळाकुट्ट होणार. तर न घासलेल्या घंगाळासारखा तांबूस!

सातवीतली पुतणी म्हणाली, "काका, पौर्णिमेला पृथ्वी मधेच असते ना? मग दर महिन्याला ग्रहण का नाही?" बॅटरीचा सूर्य, मोसंब्याची पृथ्वी आणि सुपारीचा चंद्र करून दाखवायला गेलो. सुपारी मोसंब्यामागं नेली की दरवेळी अंधारात. म्हणजे माझ्या हिशोबानं वर्षाला बारा ग्रहणं. आणि तो लाल रंग कसला?

नाशिकची मास्तरीण
सुपारी वीतभर अंतरावर धरली असणार तुम्ही! मोसंबं ७ सेंटिमीटरचं, सुपारी २ सेंटिमीटरची, हे माप झकास जमलंय. पण ती हवी २ मीटरवर. तिथं मोसंब्याची गडद सावली उरते जेमतेम ५ सेंटिमीटर. आणि चंद्राची कक्षा साधारण ५ अंश कललेली, म्हणजे तेवढ्या अंतरावर सुपारी १८ सेंटिमीटरपर्यंत वर-खाली जाते. बहुतेक पौर्णिमांना ती सावलीला चुकवूनच निघते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेची पातळी जिथं छेदते ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. पौर्णिमा त्यांच्या आसपास पडली तरच ग्रहण. तेव्हा आई राहूचं नाव घेत असतील तर हसू नका. गिळणं तेवढं सोडा. भूछायेचं कारण आर्यभटानं इ. स. ४९९च्या सुमारास लिहून ठेवलंय.

बॅटरी मात्र नको, तिची सावली लांब जाईल तशी पसरते. सूर्याची निमुळती होते. सकाळच्या कोवळ्या उन्हात करून बघा, सूर्य फुकट आहे.

जुना_दुर्बीणवाला
लाल रंग आपल्या हवेचा. पृथ्वीच्या कडेनं जाणारा उजेड हवेत वाकून सावलीत शिरतो. निळा वाटेतच विखुरतो, तांबडा उरतो. हवेत राख-धूळ असेल तर तोही अडतो. १९९१ साली पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, त्यानंतरचं १० डिसेंबर १९९२च्या पहाटेचं ग्रहण इतकं काळं होतं की वडील बोट दाखवत होते आणि मी "कुठाय?" विचारत होतो. तुमचं घंगाळ परवडलं.

रत्नागिरीहून
आम्ही बाराला ढगांना नमस्कार करून झोपलो. पुढचं कधी?

जुना_दुर्बीणवाला
३ मार्च २०२६ला आहे, पण आपल्याकडे चंद्र उगवेपर्यंत ते सुटत आलेलं असेल. नीट दिसणारं खग्रास ३१ डिसेंबर २०२८च्या रात्री. थंडीत ढगही कमी.

बार्शीकर
मास्तरीणबाई, आज सकाळी केलं. मोसंबं दोऱ्याला टांगून पुतणी स्टुलावर, मी दोन मीटरवर पुठ्ठा धरून. मधला गडद डाग पट्टीनं मोजला: पाचच्या किंचित वर, भोवती धुरकट कड. पुतणीनं सुपारी वरून नेली, खालून नेली, सावली लागलीच नाही. मग आईनं मोसंबं मागितलं, सोलून खायला.