कोयत्याला फुटबॉल हे उत्तर? (प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा)

जनता_वसाहतीची_बाई
काल 'तळजाई_वॉकर' यांनी इथे लिहिलं: "कोयते नाचवणाऱ्या पोरांच्या समुपदेशनाला आणि खेळाला पुणे महापालिका पैसे देणार असेल, तर मी मिळकतकर बंद करतो. दोन फटके द्या, सुधारतील."

मी एकोणीस वर्षं वस्तीतल्या मुलांना शिकवतेय, म्हणून डोकं फिरलं. फटके कमी पडलेत का हो? जिथे गाड्या फोडल्या त्याच चौकात धिंड काढून झाली. मोक्का लावून झाला. २०२३ मध्ये कोयतेवाला पकडणाऱ्या पोलिसाला बक्षीसही जाहीर झालं. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने स्वतःच्या धिंडीचं रील स्टेटसला ठेवलं होतं, मागे गाणं लावून! त्याच्या दृष्टीने ती मिरवणूकच होती.

पोरगं एका रात्रीत कोयता उचलत नाही. वर्गामागून वर्ग वर ढकललं जातं, नववीत धड वाचता येत नाही म्हणून नापास होतं आणि शाळा सुटते. आई चार घरची धुणीभांडी करते, घरी कोणी नाही. मग भाई पहिल्यांदा वडापाव देतो, नंतर गाडीवर मागे बसवतो, आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत पासपोर्टएवढा फोटो छापतो. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याचं नाव छापलेलं असतं. आणि भाईला २०१५ चा बाल न्याय कायदा वकिलापेक्षा पाठ आहे. सोळाच्या आतला कितीही मोठा गुन्हा करो, मोठ्यांच्या कोर्टात जात नाही. म्हणून पुढे कोण, तर पंधरा वर्षांचा.

मला शिबिरं नकोत. दर वस्तीत एक पगारी माणूस हवा, पोरांना नावाने ओळखणारा, निदान पाच वर्षं तिथेच टिकणारा.

तळजाई_वॉकर
बाई, तुमच्या तळमळीला नमस्कार. आता माझं ऐका. रात्री दीड वाजता आमच्या सोसायटीबाहेर सात गाड्या फोडल्या. कारण काय, तर "एरियात नाव झालं पाहिजे." माझी गाडी तीन महिन्यांची होती. नो क्लेम बोनस गेला, बायको आठवडाभर झोपली नाही. तिचं समुपदेशन कोणाच्या बजेटमधून?

शिवाय पोलीस राज्याच्या गृहखात्याचे. महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं, आणि माझ्या गल्लीतला खड्डा अजून तिथेच आहे. आधी तो बुजवा.

पॅसाडेनाकर
लॉस एंजेलिसमध्ये हे काम शहरच करतं. २००७ पासून महापौरांच्या कार्यालयाखाली स्वतंत्र विभाग आहे. टोळ्यांतून बाहेर पडलेली माणसं पगारावर घेतात, एक खून पडला की बदल्याचा दुसरा पडू नये म्हणून तीच मध्ये पडतात. २००८ पासून उन्हाळ्यात ठरावीक बागा रात्री उशिरापर्यंत उघड्या ठेवतात, खेळ, जेवण वगैरे. ग्लासगोत तर २००५ मध्ये पोलिसांनीच हिंसेकडे साथीच्या रोगासारखं बघायला सुरुवात केली.

माळ्यावरचा_पंखा
आले, अमेरिकेचे दाखले आले! आमच्याकडे बाग रात्री उघडी ठेवली की काय होतं ते सहकारनगरला येऊन बघा. आणि टोळीतून बाहेर पडलेला माणूस पगारावर? साहेब, आमच्याकडे तो निवडणुकीला उभा राहतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये तळोजा जेलमधून सुटलेल्या एकाची एक्सप्रेसवेवर गाड्यांची रांग लागली होती, विसरलात?

पैसा आला की संस्था येणार. टी-शर्ट, केळी, बॅनर, फोटो. मी अशा एका शिबिरात स्वयंसेवक होतो. पोरं पन्नास, हजेरीपटावर दोनशे.

फुरसुंगीचा_शेतकरी
तुमचं चालू द्या. पण "कोयता गँग, कोयता गँग" बंद करा राव. कोयता आमचं अवजार आहे. माझे वडील, वय ७१, बोहरी आळीत कोयता घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला आधार कार्ड द्या. आधार घरी. हात हलवत परत! उसाच्या पाचटाला काय चमच्याने हात घालू?

माळ्यावरचा_पंखा
मग सुरा गँग म्हणायचं का? पोलिसांना कोयताच सापडतो त्याला आम्ही काय करणार.

फुरसुंगीचा_शेतकरी
भाजीवाल्याने सुरी मारली तर भाजीवाला गँग म्हणता का? बीडचे ऊसतोड मजूर सहा-सहा महिने कोयत्यावर जगतात. त्यांच्या पोरांना शाळेत आता "कोयता" म्हणून चिडवतात.

पेठेतला_भाडेकरू
आधार घेतलं तर बिघडलं काय? सिमकार्डाला देताच ना?

फुरसुंगीचा_शेतकरी
तुम्ही नारळ सोललेला विकत घेता, तुम्हाला काय कळणार. महापालिकेने आमच्या गावाला २०१७ ला हद्दीत घेतलं, पुढे बाहेर काढलं, कचरा डेपो तेवढा आमच्या दारात ठेवला. आता अवजारालाही ओळखपत्र!

पेठेतला_भाडेकरू
प्रत्येक धाग्यात कचरा डेपो आणायचा नेम केलाय का तुम्ही?

फुरसुंगीचा_शेतकरी
एक आठवडा येऊन राहा, मग नेम काय ते सांगतो.

जनता_वसाहतीची_बाई
धागा माझा आहे, जरा मला बोलू द्या. वॉकरसाहेब, तुमची गाडी फोडणाऱ्याला शिक्षा नको असं मी कुठे म्हटलं? द्याच. मी त्याच्या धाकट्या भावाबद्दल बोलतेय, जो आज अकरा वर्षांचा आहे आणि हे सगळं कौतुकाने बघतोय. आणि गंमत बघा, मे २०२४ मध्ये पोर्शे गाडीखाली दोन जण गेले तेव्हा सतरा वर्षांच्या मुलाला आधी ३०० शब्दांचा निबंध सांगितला होता. आमच्या पोराला धिंड. आमच्या पोराला निबंध लिहिता येत नाही, हा त्याचा गुन्हा असावा.

तळजाई_वॉकर
पोर्शेचं मध्ये आणू नका, तेव्हा सगळ्यात जास्त शिव्या मीच घातल्यात.

धरमपेठी
नागपूरकर बोलतोय. फुटबॉलला हसू नका. विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतली पोरं पावसात फुटकी बादली लाथाडताना पाहिली, त्यांना चेंडू दिला, आणि २००१ पासून त्यातून अख्खी चळवळ उभी राहिली.

माळ्यावरचा_पंखा
बारसे सर एक. बाकीचे टी-शर्टवाले.

जनता_वसाहतीची_बाई
टी-शर्टवाल्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. लिहायला जड जातंय, पण आहे. आमच्याकडेही व्यायामशाळा बांधून तयार आहे, आणि किल्ली एका माजी माननीय नगरसेवकांच्या पुतण्याकडे. पोरं बाहेरच्या कट्ट्यावर बसतात. भाई तिथेच भेटतो.

तळजाई_वॉकर
किल्लीसाठी अर्ज करा, मी सही करतो. त्याला पैसे लागत नाहीत. तुमच्या त्या पगारी माणसाला एक वर्ष देऊन बघा, पाच नाही. आणि करातून नको, फ्लेक्सवाल्यांच्या दंडातून द्या.

जनता_वसाहतीची_बाई
दंड वसूल झाला तर ना! पण सही घेते. रविवारी तळजाई टेकडीवर कुठल्या गेटला असता?

तळजाई_वॉकर
पाचगाव पर्वतीच्या बाजूला, सव्वासहा. उशीर करू नका.

फुरसुंगीचा_शेतकरी
माझा मुद्दा राहिला. खुरप्याला आधार लागतं का, कोणाला माहीत आहे?