मदत हवी आहे: दोन्ही हेड बदलल्यापासून कुलंट गळतंय, नेमकं कुठून ते सापडत नाही

तेलकट_हात

मंडळी, माझी तर मती गुंग झाली आहे. इंजिन व्ही-सिक्स (सहा सिलिंडर, तीन-तीनच्या दोन तिरक्या रांगा), ब्लॉक बिडाचा, हेड (सिलिंडरवरची झाकणं, प्रत्येक रांगेवर एक) अल्युमिनियमची, कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, म्हणजे पुशरॉडवाली जुनी मांडणी. इंजिन तापून हेडला चीर गेली होती. दुसऱ्या इंजिनावरची वापरलेली दोन हेड घेतली, प्रेशर टेस्ट आणि फेसिंग (तळ मशिनवर कापून सपाट करणं) करून बसवली. हेड गॅस्केट नवीन, स्टीलच्या थरांचं. हेड बोल्ट नवीन. ब्लॉकचे आटे साफ केले आणि पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडणाऱ्या बोल्टना सीलंट लावलं. बोल्ट पुस्तकातल्या क्रमाने आणि टॉर्कने आवळले, शेवटचा पीळ अंशांत मोजून. इनटेक मॅनिफोल्डचे (दोन्ही हेडना हवा पोचवणारा, मधे बसणारा भाग; यातून कुलंटही जातं) मागचे दोन बोल्ट जरा ओढाताण करूनच सुरू झाले, बाकी सगळं सुरळीत.

आता लक्षणं. इंजिन गरम असताना एक थेंब नाही. बंद करून थंड झालं की बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) सांध्यातून खाली टपकतं. थेंब हिरवा, म्हणजे कुलंटच. टाकीतली पातळी हळूहळू उतरते. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ, हीटरला गरम हवा येते. उजव्या हेडच्या मागच्या कोपऱ्यात गॅस्केट सुटलं असेल का? पुन्हा हेड उतरवायच्या विचारानेच पोटात गोळा येतोय.

घाईगडबड

हेड बोल्ट परत एकदा आवळून बघा. नाहीतर गळती बंद करणारी पावडर मिळते, ती रेडिएटरमध्ये टाका आणि विसरून जा.

जुना_पाना

@घाईगडबड, दोन्ही सल्ले नकोत. अंशांत आवळायचे बोल्ट मुद्दाम ताणले जाईपर्यंत ओढलेले असतात. त्यांना वरून आणखी पीळ दिला तर ते जास्त ताणले जातात, धरून ठेवायची ताकद वाढत नाही. आणि पावडर गळतीच्या जागेआधी हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते.

@तेलकट_हात, हेडला हात लावू नका. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा: ज्वलनातला वायू कुलंटमध्ये शिरतोय, की नुसतं कुलंट बाहेर येतंय? सकाळी थंड इंजिन सुरू करून वरचा होज हातात धरा. एक-दोन मिनिटांत, पाणी कोमट व्हायच्याही आधी, तो दगडासारखा कडक झाला तर वायू शिरतोय. रात्रभर उभ्या गाडीचं झाकण उघडताना फुस्स झालं तरी तोच अर्थ. खात्रीसाठी निळ्या द्रवाची चाचणी करा. रेडिएटरच्या तोंडाशी नळी लावून वरची हवा त्या द्रवातून ओढायची, कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव पिवळा पडतो. पातळी आधी थोडी उतरवा. कुलंट नळीत ओढलं गेलं तर द्रव वाया जातो आणि निकालही खोटा येतो.

हे सगळं कोरं निघालं तर हातपंपाने थंड इंजिनावर दाब द्या. झाकणावर जेवढा आकडा असेल तेवढाच. १.१ बार लिहिलं असेल तर १.१ बार, त्याच्या वर नाही. आणि तसंच सोडून द्या. थंड असताना गळणारी जागा थंडच पकडायची असते. गरम झाल्यावर धातू फुगतो आणि फट बुजते. अल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे तुमच्यासारख्या मिश्र इंजिनात असले सांधे गरम-थंड असताना वेगवेगळे वागतात.

बोनेटखालून

बेल हाउसिंगमधून टपकतंय याचा अर्थ तिथेच गळतंय असा नाही. व्ही इंजिनात वरून पडलेलं पाणी दोन बँकांमधल्या (सिलिंडरच्या रांगांमधल्या) दरीत साठतं, मागे वाहतं आणि ब्लॉकच्या पाठीवरून उतरतं. इंजिन मागच्या बाजूला थोडं कललेलं असेल तर हमखास. संशयित मोजा: मॅनिफोल्डचं पाण्याचं भोक, हीटरच्या नळीची ओ-रिंग, ब्लॉकच्या पाठीमागचा वेल्श प्लग (ब्लॉकचं भोक बंद करणारी पत्र्याची टोपी), आणि मग हेड गॅस्केट. मागचा भाग धुऊन कोरडा करा, टाल्कम पावडर भुरभुरवा, दाब द्या आणि आरसा किंवा कॅमेरा घालून ओला माग कुठून सुरू होतो ते बघा. माग नेहमी वरच्या टोकाकडून वाचायचा.

सांडलेलं कुलंट लगेच पुसा. चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांचा जीव घ्यायला थोडंसं पुरतं.

तेलकट_हात

होज मऊच राहिला, निळा द्रव निळाच. वायूचा प्रश्न मिटला. पंपाने दाब दिला तर काटा हळूहळू पण नक्की उतरतो. पावडरीवर पहिला ओला माग मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाशी, उजव्या हेडला तो जिथे चिकटतो तिथे दिसला. हेड गॅस्केटची कड त्याच्या खाली आहे आणि ती कोरडी. मॅनिफोल्डचं गॅस्केट तर नवीन होतं!

जुना_पाना

मग तुमच्या पहिल्या पोस्टमधलं ते एक वाक्य: मागचे दोन बोल्ट ओढाताण करून सुरू झाले. मला तिथेच खटकलं होतं. हेडवरून किती कट मारला ते फेसिंगवाल्याला विचारलं का? वापरलेली हेड आहेत, म्हणजे आधीही कोणी तरी मारलेला असू शकतो. हेडची एकूण उंची मोजून पुस्तकातल्या किमान उंचीशी ताडून बघा.

व्ही इंजिनात मॅनिफोल्ड दोन हेडच्या मध्ये पाचरीसारखं बसतं. हेडचा तळ कापला की हेड खाली सरकतं आणि आतही सरकतं. दोन्ही बाजू जवळ आल्या की पाचर पूर्ण खाली जात नाही, थोडी वरच अडकते. मग मॅनिफोल्डची भोकं हेडच्या भोकांपेक्षा वर राहतात आणि बोल्ट तिरके लागतात. हवेच्या मोठ्या पोर्टना एवढा फरक खपून जातो. पाण्याच्या भोकाभोवतीच्या अरुंद कडेला खपत नाही.

तेलकट_हात

विचारलं. डाव्यावर ०.१५ मिमी, उजव्यावर ०.४० मिमी. उजवं जास्त वाकलेलं होतं म्हणे, आणि हे आपणहून सांगायची त्यांना गरज वाटली नाही. मॅनिफोल्ड उतरवलंय. उजव्या मागच्या भोकाभोवती गॅस्केटच्या रबरी कडेचा ठसा वरच्या बाजूला ठसठशीत आहे, खालच्या बाजूला जेमतेम, एका जागी नाहीच. आता जाड गॅस्केट मिळालं तर काम होईल का?

जुना_पाना

उलट होईल. जाड गॅस्केटने पाचर आणखी वर जाईल. जागा आधीच कमी पडतेय, तिच्यात भर कशाला?

योग्य उपाय म्हणजे मॅनिफोल्डच्या बाजू त्या प्रमाणात कापणे, म्हणजे ते परत आपल्या जागी उतरेल. किती कापायचं ते ०.४० वरून अंदाजाने ठरवू नका. ते व्हीचा कोन आणि मॅनिफोल्डच्या बाजूचा कोन यांवर ठरतं. मशिनवाल्याला दोन्ही हेडचे आकडे आणि इंजिनाची माहिती द्या. दोन्ही बाजूंना सारखा कट मारायचा नाही, कारण तुमची हेड सारखी कापलेली नाहीत. मॅनिफोल्ड खाली उतरलं की पुढच्या-मागच्या कडा ब्लॉकवर टेकणार नाहीत ना तेही बघा. तिथे सीलंटच्या थरापुरती फट राहायला हवी. परत आल्यावर कोरडंच, गॅस्केटशिवाय ठेवा आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) वर, खाली, पुढे, मागे तपासा. गेज वर जातो आणि खाली अडकतो असं झालं तर कोन बिघडलाय, म्हणजे हेड कापताना तिरकं धरलं गेलं होतं.

बोनेटखालून

एक महत्त्वाचं राहिलं. मॅनिफोल्ड मागे बाहेर गळतंय म्हणजे आत दरीतही गळत असू शकतं, आणि तिथून पाणी थेट ऑइलच्या चेंबरमध्ये. डिपस्टिक स्वच्छ म्हणून निर्धास्त राहू नका. गाडी रात्रभर उभी ठेवून ड्रेन बोल्ट हळूच ढिला करा. पाणी जड, ते तळाला बसतं आणि आधी तेच येतं. ग्लायकॉल मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं.

तेलकट_हात

ड्रेन उघडला, ऑइलच्या आधी चहाच्या चमच्याएवढं हिरवं पाणी आलं. ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलतोय. मॅनिफोल्ड मशिनवर गेलंय, या वेळी आकडे कागदावर लिहून दिलेत. परत आलं की कोरडं बसवून गेजचे आकडे इथे टाकतो. वरचं बाकी सामान बसवायच्या आधीच पंपाचा दाब देणार, म्हणजे परत उघडायची वेळ आली तर निदान निम्मं काम वाचेल.

नवखा_ड्रायव्हर

माझी इनलाइन फोर (चारही सिलिंडर एका रांगेत) आहे, हेड फेसिंग केलंय, मलाही मॅनिफोल्ड कापावं लागेल का?

जुना_पाना

नाही. तुमचं मॅनिफोल्ड एकाच हेडच्या अंगाला लागतं, हेड खाली गेलं की तेही सोबत जातं. तुम्ही टायमिंग बेल्टचा ताण आणि कॅमचं टायमिंग बघा, ते मात्र थोडं सरकतं. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे तेलकट_हातांचे आकडे यायचेत.