मदत हवी आहे: 'ट्विस्ट' म्हणजे सूत, फांदी की भांडण?

कापूसकोंडी

नमस्कार मंडळी,

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले मुंबई बंदराचे आयात-निर्यातीचे तक्ते मराठीत आणायचं काम हाती घेतलंय. छोटी पुस्तिका आहे, वाचणारे बहुतेक गिरणगावातले लोक आणि त्यांची नातवंडं. काम रुक्ष, पण चाललं होतं. आता एका शब्दापाशी गाडी अडली आहे. कापसाच्या मालात जागोजागी 'कॉटन ट्विस्ट अँड यार्न' असा मथळा येतो. इंग्लंडच्या गिरण्यांच्या लँकेशायर भागातून आलेला माल असो, नाहीतर आपल्या गिरण्यांतून चीनला गेलेला, मथळा हाच. यार्न म्हणजे सूत, हे कळलं. मग ट्विस्ट कुठलं?

एका जुन्या अनुवादात 'पिळलेला धागा व सूत' असं केलेलं दिसलं. पण न पिळलेलं सूत असतं का कधी? पेळूला पीळ बसल्याशिवाय सूत होतच नाही.

म्हणून शब्दाचा इतिहास उकरायला बसले आणि गोंधळ वाढला. मला वाटत होतं की आधी पिळणे हे क्रियापद असेल आणि त्यावरून नाम आलं असेल. निघालं उलटंच. जुन्या इंग्रजीत हा शब्द जोडशब्दांच्या शेपटीला सापडतो, उदा. जहाजाच्या डोलकाठीचा दोर, 'मॅस्ट-ट्विस्ट'. म्हणजे आधी दोर! पिळणे हा अर्थ चौदाव्या शतकाच्या आसपासचा. त्याच सुमारास नाम भलतीकडेच भटकत होतं: बिजागरीची पट्टी, झाडाची फांदी. जुना इंग्रज कवी चॉसर याच्या एका कथेत आंधळ्या म्हाताऱ्याची तरुण बायको त्याच्याच पाठीवर पाय देऊन, 'ट्विस्ट' पकडून पेअरच्या झाडावर चढते. वर तिचा प्रियकर बसलेला असतो. (कथेतला ट्विस्ट तो वेगळा. पण त्या अर्थाने हा शब्द वापरायची पद्धत विसाव्या शतकातली.)

याहून कडी म्हणजे हाच शब्द डच भाषेत आजही 'भांडण' या अर्थाने रोजच्या वापरात आहे. जर्मनमध्ये त्याचा भाऊ 'त्स्विस्ट', अर्थ तोच: तंटा, बेबनाव.

तर जाणकारांना विचारायचंय ते असं. व्यापारी कागदांत ट्विस्ट आणि यार्न हे दोन वेगळे माल आहेत का? 'वॉटर ट्विस्ट' आणि 'म्यूल ट्विस्ट' ही काय भानगड आहे? आणि एकाच मुळातून दोर आणि भांडण कसं निघतं? शेवटचा प्रश्न पुस्तिकेच्या कामाचा नाही, पण त्याने झोप उडवली आहे.

ता.क. 'सुंभ जळला तरी पीळ जळत नाही' ही म्हण मला माहीत आहे. कृपया पहिल्याच प्रतिसादात टाकू नये.

मागकरी

म्हण गिळली. 😀

ताई, मी इचलकरंजीचा, घरचे माग. आज आमच्याकडे ट्विस्ट म्हणजे नुसता पीळ, 'इंचाला किती बसलाय' या अर्थी. पण तुमच्या कागदांतलं ट्विस्ट म्हणजे बहुधा ताण्याचं सूत, उभा धागा. लँकेशायरच्या धंद्यात 'ट्विस्ट' आणि 'वेफ्ट' अशी जोडी चालायची, म्हणजे ताणा आणि बाणा.

कारण सरळ आहे. मागावर सगळे हाल ताण्याचे. त्याला वहिफणीतून जायचंय, दर फटक्याला वरखाली व्हायचंय, ताण सोसायचाय, घासून घ्यायचंय. बाणा धोट्यातून सुटला की आडवा पडून राहतो. म्हणून ताण्याला पीळ जास्त, बाण्याला कमी. हिशोब असा: सुताच्या नंबराचं (सूत किती बारीक त्याचा आकडा) वर्गमूळ काढायचं आणि गुणकाने गुणायचं. ३६ नंबरच्या सुताचं वर्गमूळ ६. ताण्याला ४ चा गुणक धरला तर इंचाला २४ पीळ. बाण्याला साडेतीन धरला तर २१. तीनच पिळांचा फरक, पण बाण्याचं सूत ताण्याला लावून बघा, दिवसभर तुटलेले धागे जोडत बसाल. उलट पीळ प्रमाणाबाहेर चढवला तर सूत आखडतं, अंगावरच गुंतायला लागतं आणि एका हद्दीनंतर ताकदही घटते.

म्हणून जास्त पीळ दिलेल्या सुताचं नावच पीळ पडलं असणार.

जुनं_पान

मागकरींशी सहमत, थोडी भर घालतो.

इंग्लंडमध्ये बराच काळ नुसत्या कापसाचं कापड जमतच नव्हतं. तिथल्या हातचरख्यावरचं कापसाचं सूत ताण्याचा भार झेलेना, म्हणून ताणा जवसाच्या धाग्याचा (लिनन) आणि बाणा कापसाचा, असं 'फस्टियन' विणत. हारग्रीव्ह्जच्या 'जेनी' या सूतकताईच्या यंत्राने सूत भरपूर दिलं, पण मऊ, बाण्याच्या कामाचं. आर्कराइटने १७६९ मध्ये ज्या यंत्राचं पेटंट घेतलं ते पुढे पाण्याच्या चाकावर चालायला लागलं, म्हणून 'वॉटर फ्रेम'. त्याचं सूत कडक, घट्ट पिळाचं. तेच वॉटर ट्विस्ट. नावातल्या पाण्याचा सुताच्या ओलेपणाशी संबंध नाही, अनुवादात 'ओला पीळ' करू नका! १७७४ च्या कायद्याने तिथे अस्सल सुती कापडाला मोकळीक मिळाली तीही आर्कराइटच्या खटपटीमुळेच.

१७७९ च्या सुमारास क्रॉम्प्टनने दोन्ही यंत्रांचा संकर केला. घोडी आणि गाढवाच्या संकराला म्यूल म्हणतात, म्हणून यंत्र 'म्यूल' आणि त्याचं ताण्याचं सूत म्यूल ट्विस्ट. बारीक नंबर, तलम काम. मलमलीत आपल्याशी टक्कर द्यायचं बळ त्यांना इथून आलं.

गिरणगावातल्या वाचकांसाठी एक गंमत: वॉटर फ्रेमचं सुधारलेलं रूप म्हणजे 'थ्रॉसल'. मुंबईच्या गिरण्यांत लोक 'त्रासन खातं' म्हणायचे ते याचंच. पुढे यंत्रं बदलून रिंग फ्रेम आल्या तरी खात्याचं नाव त्रासनच राहिलं. काम करणाऱ्यांना ते नाव पटण्यासारखंच होतं म्हणा.

बेचकं

झोप उडवणाऱ्या प्रश्नाकडे मी येते, गिरणीतलं मला काही कळत नाही.

मुळात 'दोन' आहे. संस्कृत द्वि, इंग्रजी टू, एकाच घराण्यातले. ट्विन म्हणजे जुळं, ट्वाइन म्हणजे दुहेरी दोरा, ट्विल हे कापड, ट्विग म्हणजे डहाळी, बिट्वीन म्हणजे दोहोंच्या मध्ये. 'ट्विस्ट' त्याच पंगतीतला. दोन गोष्टींचं दोन तऱ्हांनी होऊ शकतं: एकाची दोन होतात किंवा दोनाचं एक. फांदी फुटली, बेचकं झालं, हे पहिलं. दोन पेड एकत्र वळले, दोर झाला, हे दुसरं. डच आणि जर्मन लोकांनी पहिली वाट धरली आणि माणसांत फूट पडली की त्याला हा शब्द लावला. इंग्रजांनी फांदीचा अर्थ काही शतकं वापरून टाकून दिला आणि दोर ठेवला. पिळण्याची क्रिया त्या दोरावरून आली.

आपल्याकडे वेगळं काय आहे? दुपेडी दोरीतला 'दु' आणि दुही माजली त्यातला 'दु' एकच. द्वंद्व म्हणजे जोडी आणि द्वंद्व म्हणजे लढाई, हे तर शाळेत समास शिकताना डोळ्यांपुढे असतं, लक्षात येत नाही इतकंच.

तिरकी_चाल

वा! म्हणजे 'ड्युएल'सुद्धा दोनावरूनच की!

बेचकं

तिथे जरा थांबा. ते लॅटिन 'दुएल्लुम', युद्धाला असलेल्या 'बेल्लुम' या शब्दाचं जुनं रूप. दोघांचीच लढत हा अर्थ त्याला नंतर चिकटला, 'दुओ' म्हणजे दोन याच्याशी सारखेपणा वाटल्यामुळे.

तिरकी_चाल

घ्या. 🙏

अवांतर: एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज क्रिकेटमध्ये फिरकीलाही 'ट्विस्ट' म्हणायचे. आणि नाच राहिलाच, गायक चबी चेकरचं 'द ट्विस्ट' हे गाणं १९६० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. तेव्हाच्या लग्नांत आमच्या काकांनी जो धुमाकूळ घातला त्याचे फोटो घरात कुणी कुणाला दाखवत नाही.

कापूसकोंडी

सगळ्यांचे मनापासून आभार. मागकरीदादा, तुमचा वर्गमुळाचा हिशोब पुस्तिकेत तळटीप म्हणून घेतला तर चालेल ना?

प्रतिसाद वाचून तक्ते पुन्हा बघितले. ट्विस्ट आणि यार्न यांचे आकडे वेगळे दिलेलेच नाहीत. पोटभेद आहेत ते नंबराप्रमाणे आणि रंगीत की कोरं असे. म्हणजे बाजारात फरक होता तो जकातीच्या मथळ्यात विरघळून गेला आणि जोडी नुसती नावापुरती उरली. नंबरच महत्त्वाचा होता हे १८९४ च्या करावरूनही दिसतं. बाहेरच्या सुतावर ५ टक्के जकात बसवली आणि लँकेशायरची ओरड नको म्हणून इथल्या गिरण्यांच्या २० नंबरावरच्या सुतालाही तेवढीच अबकारी. १८९६ मध्ये सुतावरचं दोन्ही उठलं आणि कापडावर साडेतीन टक्के आले. या सगळ्यात ताणा-बाणा कुठेच नाही.

म्हणून मथळ्यात 'सूत' एवढंच ठेवावं असं मनात आहे. जिथे वॉटर किंवा म्यूल लावून येतं तिथे 'ताण्याचं सूत' म्हणेन आणि यंत्राचं नाव तसंच ठेवेन. कुणाची हरकत?

जुनं_पान

हरकत नाही, पण पहिल्या पानावर एकदा 'ट्विस्ट अँड यार्न' देवनागरीत देऊन टाका. मूळ कागद शोधायला जाणाऱ्याला तोच मथळा हुडकायचाय.

मागकरी

तळटीप खुशाल घ्या. फक्त 'नंबर' म्हणजे काय ते लिहा, नाहीतर लोक घोळ घालतात. ८४० वारांची एक लड, अशा जितक्या लडी एका पौंडात बसतील तो नंबर. नंबर वाढला की सूत बारीक. नवीन पोरांना हे उलटं वाटतं.