एका गाडीची चिप दुसऱ्या टर्बो गाडीला चालली का? अनुभव सांगा

डिझेलभक्त
काल भाच्याचा फोन. "मामा, तुमच्या जुन्या स्विफ्टची ट्युनिंगची डबी आहे का पडलेली? सेकंडहँड एर्टिगा घेतलीये, इंजिन तेच ना!" डबी म्हणजे तीच ट्युनिंगची चिप, ताकद वाढवायला सेन्सरच्या वायरीत मध्ये लावायची. आणि ते सगळे दिवस आठवले. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया... सगळ्यांच्या बॉनेटखाली तेच १२४८ सीसीचं फियाटचं मल्टिजेट. त्यामुळे आमच्या ग्रुपात डब्या पुस्तकांसारख्या उसन्या फिरायच्या. मित्राच्या ९० पीएसवाल्या पुंटोला माझी लावली. कनेक्टर खटकन बसला, गाडी चालू, सगळे खूश. पण तिसऱ्या गियरला पाय दाबला की चेक इंजिन आणि गाडी बैलगाडी! कारण स्विफ्टचं ७५ पीएसचं, साधा फिक्स्ड टर्बो. ९० वाल्याला व्हीजीटी, म्हणजे पाती हलणारा टर्बो, आणि ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) बूस्टचं, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबाचं, गणितच निराळं. एर्टिगा पण ९० चीच. भाच्याला नाही म्हटलं तर रुसलाय. तुमचे अनुभव टाका, त्याला वाचायला देतो.

तीनपिनी
कनेक्टर बसणारच हो. रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, मोजणाऱ्या सेन्सरला पाच व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल, एवढ्याच तीन वायरी. डबी मध्ये बसून सिग्नल कमी करून सांगते, ईसीयूला वाटतं प्रेशर पडलंय, तो वाढवतो. थाप किती मारायची ते मात्र त्या इंजिनाच्या पंप-इंजेक्टरवर ठरतं. बसली म्हणजे चालली असं नाही.

घाटवेडी
आमच्या व्हिस्टाला दिराने स्वतःची काढून लावली होती. खंबाटकीत काय पळायची!! मागून येणाऱ्यांना मात्र नुसता काळा धूर. पीयूसीवाला म्हणाला, ताई आधी गाडीला डॉक्टरकडे न्या. डबी काढली, पुढच्या वेळी पास. सासूबाई अजून विचारतात गाडी आता अशी मरतुकडी का चालते 😂

गप्पिष्ट
@घाटवेडी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आपला माणूस.

डीएसजीग्रस्त
डबी नाही, रीमॅपचं सांगतो, म्हणजे ईसीयूतली फाईलच बदलायची. मित्राची पोलो जीटी टीडीआय, मॅन्युअल. माझी व्हेंटो डिझेल, डीएसजी म्हणजे डबल क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दोन्ही १.५, दोन्ही कागदावर २५० एनएम टॉर्क. ट्यूनर म्हणाला तीच फाईल टाकतो, स्वस्तात करतो. नंतर वाचलं की त्या सात गियरच्या ड्राय क्लच डीएसजीची मर्यादाच २५० आहे, म्हणजे कंपनीतूनच काठोकाठ भरलेली. पहिल्या-दुसऱ्यात थरथर सुरू झाली. इंजिन ठणठणीत, क्लच गेला. बिल इथे लिहीत नाही, बायको वाचते.

बायकोपणवाचते
वाचलं.

डिझेलभक्त
😂😂 मेला

कोथरूडकर
क्रेटाचं कोणी बोललंच नाही. भावाची आधीची १.६ डिझेल, माझी २०२० नंतरची. नाव तेच म्हणून त्याची चिप घेऊन आलो. दुकानदाराने हातात घेऊन परत दिली, "साहेब, हे १.५ आहे, इंजिनच दुसरं. त्यात बीएस६, काजळी वाढली तर डीपीएफ, म्हणजे धुराची जाळी, चोंदेल." सरळ माणूस, चहाही पाजला.

सर्किट
ऑनलाइन मिळते ती ओबीडीत (स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये) खोचायची 'सर्व गाड्यांना चालेल' वाली घेतली होती. लाईट लुकलुकायचे, पिकअप ढिम्म. उघडून बघितली तर तीन एलईडी, एक बारकी आयसी, आणि ईसीयूशी बोलायच्या कॅनच्या पिना कशालाच जोडलेल्या नाहीत! बाकी खरंच सर्व गाड्यांना चालते, काहीच करत नसल्याने 😄

पेट्रोलवाला
सगळे डिझेलवाले जमलेत. टर्बो पेट्रोलला रेलशी नाही, बहुतेक वेळा बूस्ट मोजणाऱ्या मॅप सेन्सरशी खेळतात. तिथे दुसऱ्या गाडीची डबी लावून नॉकिंग झालं, म्हणजे पेट्रोल भलत्या वेळी पेटलं, तर पिस्टनवर येतं, नुसत्या धुरावर भागत नाही. माझ्या टीएसआयची (फोक्सवॅगनच्या टर्बो पेट्रोलची) फाईल ९५ ऑक्टेन धरून लिहिलीये. कधी कमी ऑक्टेनचं भरावं लागलं की ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, पैसे देऊन घेतलेली ताकद गायब.

नेकारकाठी
इथे जर्मनीत उसनी डबी लावायचा प्रश्नच नाही. ताकद वाढवली की तपासणी करून गाडीच्या कागदांवर नोंद हवी, आणि डबीच्या प्रमाणपत्रात कुठली मॉडेलं चालतात ते लिहिलेलं असतं. यादीत गाडी नसेल तर लावून रस्त्यावर आणायची नाही. ऑफिसातल्या एकाने विकायला काढली तर मला आधी गाडीचं आरसी मागितलं!

तीनपिनी
आपल्याकडेही २०१९ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलायची नाही. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला तेच पुढे करेल. वॉरंटीचं तर बोलूच नका.

गप्पिष्ट
ते राहू दे, लिनियाचा डावा हेडलॅम्प आहे का कुणाकडे? काल रिक्षाने उडवला.

कोथरूडकर
पुण्यात मिळाला नाही तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर बघ. टी-जेट पेट्रोल की मल्टिजेट?

गप्पिष्ट
टी-जेट. हेडलॅम्पला काय फरक पडतो?

डिझेलभक्त
हेडलॅम्पला नाही पडत रे, तो बिनधास्त घे 😂 भाचा वाचतोय, आता विचारतो ७५ ची पुंटो मिळेल का कुठे.